नाडी लागत नाही

नागपुरात माणूस हरवणं तसं कठीणच. त्रिमूर्तीनगरातून निघून सीताबर्डीला पोचेस्तोवर चार ओळखीचे भेटतात. दोघं विचारतात, "कुठं निघाले काकाजी?" तिसरा आपणच उत्तर देतो, "बँकेत चालले असतील." चौथा काहीच विचारत नाही. तो थेट आपल्या घरी फोन करून सांगतो की काकाजी बर्डीवर दिसले, जरा वाळल्यासारखे वाटले, सगळं ठीक आहे न? या व्यवस्थेबद्दल आमच्या शहरात कधी कुणी कुरकुर केलेली नाही. त्यामुळे पुढे सरकारनं सातशेच्या आसपास चौकांत साडेतीन हजारांवर कॅमेरे टांगले आणि ते जोडायला गल्लोगल्ली फायबर गाडली, तेव्हा आमची तक्रार होती ती फक्त खोदलेल्या रस्त्यांची. खांबावरून कोण बघतंय, बघितलेलं किती दिवस ठेवतंय, कुणाला दाखवतंय, हे विचारावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. "आपल्याला काय लपवायचंय?" हे आमचं ठरलेलं उत्तर.

या उत्तराचा मी पश्चिम नागपुरातला प्रमुख प्रचारक होतो. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात आयुष्यभर दुसऱ्यांची बिलं तपासून निवृत्त झालेला मी. ज्याच्या कागदात खोट नाही त्यानं तपासणीला भ्यायचं कशाला, हा माझा सिद्धांत. दुकानात मोबाइल नंबर मागितला की मी न विचारता जन्मतारीखही सांगून टाकी. मॉलच्या दारात लकी ड्रॉचं कूपन भरताना 'वार्षिक उत्पन्न' या रकान्यात मी खरा आकडा लिहायचो आणि वर कंसात 'करपूर्व' असंही.

मग मला साखर निघाली आणि मुलानं पुण्याहून कारभार हाती घेतला.

दिवाळीला आला तेव्हा त्यानं माझ्या फोनमध्ये काहीतरी दाबलं आणि मी त्याच्या नकाशावरचा एक ठिपका झालो. दाराच्या बेलमध्ये कॅमेरा बसवला. बेल वाजवणाऱ्याचं थोबाड आम्हाला दारात दिसायच्या आधी त्याला पुण्यात दिसू लागलं. मनगटावर घड्याळ बांधलं. ते पावलं मोजतं, नाडी मोजतं, झोप मोजतं. मी रात्री नीट झोपलो की नाही, हे मला सकाळी चहाच्या वेळी पुण्याहून कळायचं. मला वाटायचं बरी झोप झाली, तर तिकडून निकाल यायचा, "नाही बाबा, तुमची झोप खराब झाली." आणि मग खरंच दिवसभर डोळे जड वाटायचे.

इथवर ठीक होतं. बिनसलं ते तर्री पोह्यांवरून. कस्तुरचंद पार्काजवळ टपऱ्यांवर मिळतात तसे तर्री पोहे जगात कुठं मिळत नाहीत, हे नागपूरबाहेरच्यांना सांगून उपयोग नाही आणि नागपूरकरांना सांगायची गरज नाही. पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री, तिच्यावर तेलाचा तवंग, वरून कच्चा कांदा. एका सकाळी ती प्लेट माझ्या हातात होती आणि फोन वाजला.

"बाबा, कस्तुरचंद पार्काजवळ इतका वेळ काय करताय?"

"मैदान बघतोय," मी म्हणालो.

"पावलं वाढत नाहीयेत, नाडी वाढलीय."

साठी उलटलेल्या माणसाला मैदान बघून नाडी का वाढते, याचं उत्तर मला सुचलं नाही. शेजारी उभा असलेला पोरगा मात्र त्याच वेळी ओरडला, "भाऊ, काकाजींले अजून तर्री टाका!"

त्या दिवसापासून मला लपवायला काहीतरी मिळालं.

आता जरा घड्याळांबद्दल. नागपूर महापालिकेनं काही वर्षांपूर्वी आपल्या हजारो सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली होती. कोण कुठं आहे, ठरलेल्या हद्दीत आहे की नाही, हे त्यावरून कार्यालयात बसून दिसायचं. हद्दीबाहेर गेलं तर पगार कापतात, घड्याळ बंद पडलं तरी कापतात, अशा कामगारांच्या तक्रारी तेव्हा आल्या होत्या. चंदीगडमध्ये अशीच घड्याळं आली तेव्हा तिथले कामगार रस्त्यावर उतरले. मी ती बातमी वाचून म्हटल्याचं आठवतं, "कामाची चोरी करायची नसेल तर घड्याळाला काय भ्यायचं?"

आमच्या समोरच्या अपार्टमेंटमध्ये एका ठेकेदाराकडून झाडायला येणाऱ्या मावशींच्या हातातही पुढे तसं घड्याळ आलं. माझं नवं घड्याळ त्यांच्यापुढे नाचवत मी म्हटलं, "पाहा मावशी, आपण दोघंही स्मार्ट झालो."

मावशींनी झाडू भिंतीला टेकवला. "तुमचं पोरानं देल्लं साहेब, आमचं ठेकेदारानं. तुमचं बंद पडलं तं पोरगा फोन करते. आमचं बंद पडलं तं खाडा लागते."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत, हे लक्षात यायला मला बराच काळ लागला.

तर मे महिना, संकष्टीचा दिवस. सौ. सकाळीच बहिणीकडे धरमपेठेत गेली होती. तिथून दोघी टेकडी गणपतीला जाणार होत्या. देवळात जाताना ती फोन मुका करून पर्सच्या तळाशी घालते. मी घरी उपास धरून दासबोध वाचणार, असं ठरलं होतं. माझा बेत वेगळा होता. आधी पार्काजवळ पोहे, मग थेट इतवारी आणि तिथं सावजीचं मटण. संकष्टीलाच का, असं विचाराल तर इतर दिवशी घर रिकामं नसतं.

बेत मी ऑडिटरच्या काटेकोरपणे आखला. फोन बेडरूममध्ये चार्जिंगला लावला. नकाशावर ठिपका घरीच दिसेल. घड्याळ काढून कूलरवर ठेवलं. समोरच्या दारात बेलचा कॅमेरा, म्हणून समोरचं दार आतून कडी लावून बंद केलं आणि मागच्या दारानं सर्व्हिस लेनमध्ये उतरून बाहेरून कुलूप घातलं. नळाला पाणी नव्हतं, त्यामुळे बाथरूमचा नळ उघडाच राहिला होता, तो तसाच राहिला. बाथरूमचं दार फुगलेलं आहे, ते ओढून घेतलं की घट्ट बसतं. ते मी ओढून घेतलं. या प्रत्येक गोष्टीला पुढे महत्त्व येणार आहे.

डोक्याला आणि तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळला. खिशात फोनच्या जागी कांदा टाकला. लू लागू नये म्हणून कांदा ठेवायचा हा आमच्याकडचा जुना रिवाज. डॉक्टर मानत नाहीत, आम्ही डॉक्टरांना मानत नाही. चेहरा ओळखणारं यंत्र बनवणाऱ्यांनी एकदा मे महिन्यात नागपूरला यावं, अशी माझी नम्र सूचना आहे. दुपारी बाराला प्रतापनगर चौकात स्कूटरवरची सगळी जनता डोळ्यांपुरती उघडी असते. त्यातही डोळ्यांवर गॉगल. सिग्नलच्या खांबावरचा कॅमेरा माझ्याकडे बघत होता आणि मी मान ताठ करून त्याच्याखालून गेलो. असा मोकळेपणा मी निवृत्तीच्या दिवशीही अनुभवला नव्हता.

तो पानठेल्यापर्यंत टिकला. "काय काकाजी, पायी पायी? घोटू काय खर्रा?"

"ओळखलं कसं?" मी दुपट्ट्याच्या आतून विचारलं.

"चाल पाहून न. डावा पाय घासता तुम्ही."

चालण्यावरून माणूस ओळखणारी यंत्रणा चीनमध्ये आहे असं मी वाचलं होतं. ती त्रिमूर्तीनगरात सुपारी कातरत बसलेली असते, हे माहीत नव्हतं.

'आपली बस'मध्ये रोख पैसे देऊन तिकीट काढलं. टपरीवर पोहे खाल्ले. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा मी पाचशेची नोट काढली. पोरगा म्हणाला, "सुट्टे नाहीत काकाजी, स्कॅन करा न." फोन नाही म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पायात चप्पल नाही म्हणून सांगत होतो. मागचा एक गृहस्थ म्हणाला, मी करतो स्कॅन, तुम्ही मला नंतर पाठवा. त्यानं नाव विचारलं, मी सांगितलं. नंबर विचारला, सांगितला. बँकेतलं पूर्ण नाव विचारलं, म्हणजे पैसे आले की कळेल, तेही सांगितलं. कुणालाही पत्ता लागू नये म्हणून निघालेला मी एका प्लेट पोह्यांसाठी एका अनोळखी माणसाच्या फोनमध्ये आडनावासकट जमा झालो.

पोहे पोटात गेले की मी विचार करू लागतो. सिव्हिल लाइन्सच्या झाडांखालून चालताना हायकोर्ट लागलं आणि शरद बोबडे आठवले. आमच्या नागपूरचे, याच खंडपीठात त्यांनी वकिली केली. खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे की नाही, हा प्रश्न 2015 मध्ये मोठ्या खंडपीठाकडे पाठवणाऱ्या तीन न्यायाधीशांत ते होते, आणि 24 ऑगस्ट 2017 रोजी 'होय, आहे' असं एकमुखानं सांगणाऱ्या नऊ न्यायाधीशांतही. पुढे ते सरन्यायाधीश झाले. जून 2020 मध्ये करोनाच्या दिवसांत ते नागपुरात होते. समोर हार्ले-डेव्हिडसन आली, ते तिच्यावर बसले, कुणीतरी फोटो काढला आणि संध्याकाळपर्यंत तो देशभर झाला. त्या फोटोवरच्या ट्वीटवरून प्रशांत भूषण यांच्यावर अवमानाचा खटला चालला आणि 31 ऑगस्टला त्यांना एक रुपया दंड झाला. खासगीपणाच्या निकालावर ज्यांची सही, त्यांना स्वतःच्या गावात मोटरसायकलवर बसायची सोय राहिली नाही, तिथं मी तर्री पोह्यांचं काय घेऊन बसलो होतो!

याच शहरातले वकील निहालसिंग राठोड यांची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं जगभरातल्या सुमारे 1,400 लोकांच्या फोनवर पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरनं हल्ला झाल्याचं सांगितलं, त्यांत ते होते. एक व्हिडिओ कॉल यायचा. उचलला नाही तरी काम होऊन जायचं. ही बातमी आली त्या दिवशी आमच्या सकाळच्या फिरण्याच्या गटात तिच्यावर अर्धं मिनिट चर्चा झाली. "वकील आहेत, काहीतरी असेल," असं कुणीतरी म्हणालं. बहुधा मीच.

इतवारीत पोचलो तोवर एक वाजून गेला होता. सराफ्यात दर दुकानावर कॅमेरा. एका दारावर पाटी, 'मुस्कुराइए, आप कैमरे की नज़र में हैं'. मी दुपट्ट्याच्या आत मुस्कुरायलो. मग दोन गल्ल्या ओलांडून सावजीत शिरलो, कोपऱ्यातलं टेबल गाठलं, दुपट्टा सोडला आणि समोर ते काळसर, खसखस-खोबऱ्याच्या वाटणाचं, नाकातून पाणी काढणारं मटण आलं.

त्याच वेळी माझ्या घरी काय चाललं होतं, ते मला नंतर अनेक साक्षीदारांनी वेगवेगळं सांगितलं. त्याचा जुळवून केलेला अहवाल असा.

साडेअकराच्या सुमाराला पुण्यात माझ्या मुलाच्या फोनवर दिसलं की बाबांची नाडी लागत नाहीये. त्यानं मला फोन लावला. फोन बेडरूममध्ये वाजत राहिला. आईला लावला, तो पर्सच्या तळाशी. ठिपका पाहिला, बाबा घरीच. बेलच्या कॅमेऱ्याचं सकाळपासूनचं चित्रण पाहिलं. बाबा बाहेर पडलेले नाहीत. त्यानं शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांना फोन केला. त्यांनी येऊन दार ढकललं तर आतून कडी. खिडकीला कान लावला तर बाथरूममधून पाण्याचा धो धो आवाज, कारण तोवर नळाला पाणी आलं होतं. त्यांनी पुण्याला कळवलं, "माणूस आत आहे, बाथरूममध्ये आहे, पाणी सुरू आहे आणि ओ देत नाही."

मी ऑडिटर आहे. हा पुरावा माझ्यासमोर आला असता तर मीही शेरा मारून सही केली असती. सहा नोंदी, सहाही खऱ्या, सहाही एकमेकींना दुजोरा देणाऱ्या. मागच्या दाराचं कुलूप बघायला कुणी गेलं नाही, कारण तिथं कॅमेरा नव्हता.

कुणीतरी सब्बल आणली. समोरच्या दाराची कडी चौकटीच्या तुकड्यासकट निघाली. मग बाथरूमचं दार. ते फुगलेलं असल्यामुळे 'आतून कुणीतरी पडलंय, म्हणून उघडत नाहीये' असा निष्कर्ष निघाला आणि त्याच्या फळ्या झाल्या. आत बादली भरून वाहत होती. जमलेल्या पंधरा-वीस जणांनी मग सगळं घर पाहिलं. पलंगाखाली पाहिलं, कपाट उघडलं, गादीखालची जिलबीच्या पुड्याची रिकामी पिशवीही मिळाली. आमच्या घरातली कोणती गोष्ट कुठं आहे, हे त्या दिवसानंतर मला शेजाऱ्यांना विचारावं लागतं.

घरात नाही म्हणजे हरवला, असं ठरलं आणि सूत्रं आमच्या साळेबुवांनी, म्हणजे सौ.च्या भावानं, घेतली. साळेबुवा कार्यतत्पर आहेत, हेच त्यांचं वाईट आहे. त्यांनी पोलीस ठाण्यात वर्दी दिली आणि त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर सोडला. सोबत दोन चित्रं. एक भाच्याच्या लग्नातलं, फेटा बांधलेलं, तोंडात जिलबी. दुसरं माझ्या आधार कार्डाचं, पुढून-मागून, बाराही आकडे स्वच्छ. 'ओळख पटायला बरं' म्हणून. आधारवरच्या फोटोवरून माझी ओळख मलाही पटत नाही, ही गोष्ट वेगळी. मजकूर होता: 'वरील गृहस्थ सकाळपासून बेपत्ता. डावा पाय घासून चालतात. मधुमेह, रक्तदाब, विसराळूपणा, स्वभाव तापट. आढळल्यास पुढील नंबरांवर कळवावे. गोड खाऊ देऊ नये.' यातला विसराळूपणा साळेबुवांनी स्वतःच्या जबाबदारीवर घातला होता.

तो मजकूर लेआउटच्या ग्रुपवर गेला, तिथून योगासनांच्या, तिथून भिशीच्या, तिथून विद्युत बिल सुधार समितीच्या. ज्यांना मी कधी पाहिलं नाही त्यांनी 'ॐ शांती' लिहून नंतर खोडलं.

सावजीत पलीकडच्या टेबलावरचा एक पोरगा फोनकडे बघे, मग माझ्याकडे बघे. मी नळी तोंडाशी धरलेली.

"काकाजी, हे तुम्हीच न?"

मी फेटा बांधलेल्या मला पाहिलं. नाही म्हणावंसं फार वाटलं. पण पोरानं आधार कार्ड पुढे केलं. तेवढ्यात त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला, फोन लांब धरला आणि सेल्फी घेतला. ताटासकट. खाली त्यानं लिहिलं, 'काकाजी भेटले. तब्येत मस्त. सावजीत आहेत.'

टेकडी गणपतीच्या पायऱ्या उतरताना सौ.नं फोन बाहेर काढला, तेव्हा तिनं सगळ्यात आधी पाहिलं ते हे.

त्या संध्याकाळबद्दल मी लिहिणार नाही. काही गोष्टी खासगी असतात.

पोलीस ठाण्यात वर्दी मागे घ्यायला गेलो तर हवालदार सज्जन होते. "आम्ही चौकाचौकाचं फुटेज पाहून राहिलो होतो, तुम्ही कुठंच दिसले नाही," ते म्हणाले. अपमानाच्या त्या दिवसात तेवढं एक वाक्य मला शाबासकीसारखं वाटलं. घरी आलो तर मावशी फाटकाशी उभ्या राहून तुटलेलं दार बघत होत्या. सगळी हकिकत त्यांना माहीत होती. त्यांच्या मुलीच्या ग्रुपवरही आली होती.

"म्हणजे घड्याळ म्हणे तुम्ही मेले, अन् तुम्ही तं मटण खाऊन राहिले होते," मावशी म्हणाल्या. "गेल्या महिन्यात माह्यं घड्याळ म्हणे मी आलीच नाही. दोन्ही जिने मी झाडले होते. लोकायनं पाहिलं होतं झाडताना. ठेकेदार म्हणे, घड्याळात नाही."

"मग?"

"मग काय? तुमचं दार तुटलं. माह्या दिवस गेला." असं म्हणून त्यांनी दाराच्या फळीचे तुकडे गोळा करायला घेतले, चुलीला होतील म्हणाल्या. मी त्यांना घड्याळाविषयी मागे काय ऐकवलं होतं, ते त्यांना आठवत नसावं अशी आशा करत मी आत गेलो.

चार दिवसांनी फोन आला. पलीकडचा माणूस म्हणाला, मी मुंबई क्राइम ब्रांचमधून बोलतोय, तुमच्या आधारवर एक पार्सल पकडलंय, त्यात नको त्या वस्तू आहेत. त्यानं माझा आधार क्रमांक घडाघडा म्हटला, पत्ता म्हटला, जन्मतारीख म्हटली. मी घामाघूम. मग तो आवाज मऊ करून म्हणाला, "तुम्हाला मधुमेह आहे, रक्तदाब आहे, उगाच ताण घेऊ नका. व्हिडिओ कॉल सुरू ठेवा, खोलीबाहेर जाऊ नका, कुणाशी बोलू नका." इतकी काळजी माझी खात्यातल्या कुणीही कधी घेतली नव्हती, मी जवळजवळ त्याचे आभार मानले. पण तो पुढे म्हणाला, "आणि तुम्ही तापट आहात, तर जरा शांत राहा." तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. 'स्वभाव तापट' ही साळेबुवांची भाषा. हा 'डिजिटल अरेस्ट' नावाचा बनाव पंतप्रधानांनी ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये सगळ्या देशाला समजावून सांगितला होता. मी तो कार्यक्रम ऐकलाही होता. फोन कापला आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवलं.

मुलानं तिकडून माझं आधारचं बायोमेट्रिक कुलूपबंद करायला लावलं; म्हणजे बोट, बुबुळ, चेहरा, काहीच कुणाला वापरता येणार नाही. फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारं मास्क्ड आधार असतं, हेही त्यानं तेव्हा सांगितलं. सरकारनंच मे 2022 मध्ये आधारच्या बेंगळुरू कार्यालयामार्फत सांगितलं होतं की आधारची झेरॉक्स कुणालाही देत जाऊ नका, मास्क्ड द्या. आणि लोक घाबरले म्हणून ते पत्रक दोन दिवसांत मागेही घेतलं. माझ्या झेरॉक्स तोवर शहरातल्या किती हॉटेलांच्या, सिमकार्डवाल्यांच्या आणि मंगल कार्यालयांच्या ड्रॉवरमध्ये निवृत्त आयुष्य जगत होत्या, कोण जाणे.

या सगळ्यामुळे मी तज्ज्ञ झालो. सप्टेंबरात आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळानं 'डिजिटल युगातला खासगीपणा' या विषयावर माझं व्याख्यान ठेवलं. मी तयारी जोरात केली. बोबड्यांपासून सुरुवात करून 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यावर आलो. नियम तेव्हा यायचे होते, पण कायदा होता. माहिती नीट न सांभाळणाऱ्याला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड. हा आकडा मी पहिल्या रांगेतल्या साळेबुवांकडे बघत उच्चारला. साळेबुवा शांत. त्यांनीही कायदा वाचून आणला होता. एखाद्यानं वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला हा कायदा लागूच नाही, असं कलम त्यांनी उभं राहून वाचून दाखवलं. टाळ्या त्यांना मिळाल्या.

मग मागून एक बाई म्हणाल्या, "आणि तो ट्रक?" महिन्याभरापूर्वीची, ऑगस्ट 2025 मधली गोष्ट. ट्रकच्या धडकेत पत्नी गेली, मदतीला कुणी थांबेना, तेव्हा नवऱ्यानं तिला मोटरसायकलला बांधून नेलं. ती दृश्यं सगळ्यांनीच पाहिली होती. ट्रकवर लाल खुणा होत्या, एवढंच त्याला सांगता आलं होतं. 2024 मध्ये राज्यानं आयआयएम नागपूरला सोबत घेऊन 'मार्व्हल' नावाची पोलिसांसाठीची एआय कंपनी काढली. तिच्या यंत्रणेनं टोलनाक्यांची चित्रणं चाळून तो ट्रक शोधून दिला. बाई म्हणाल्या, "कॅमेरे नसते तर सापडला असता?"

नसता सापडला. माझ्याजवळ तयार उत्तर नव्हतं. ट्रक शोधणारा डोळा मावशींचा खाडाही लावतो, आणि ट्रकवाल्याला निदान वकील मिळतो, असं काहीतरी मी बोललो; ते नीट जमलं नाही. तेवढ्यात हजेरीचा कागद फिरत फिरत व्यासपीठावर आला. नाव, पत्ता, मोबाइल, जन्मतारीख, रक्तगट, आधार क्रमांक. सभागृहातल्या प्रत्येकानं सगळे रकाने भरले होते. सवयीनं मीही भरले. समारोपाच्या वेळी तो कागद कुणीतरी समोशांच्या खाली अंथरला. व्याख्यानाचा व्हिडिओ साळेबुवांनी ग्रुपवर टाकला.

नोव्हेंबर आला. या महिन्यात पेन्शनरानं आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा असतो. 2014 पासून तो घरबसल्या देता येतो. आता तर बोटही नको, फोनसमोर चेहरा धरायचा आणि सांगितलं की डोळे मिचकावायचे. सौ.नं फोन धरला, मी दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून खुर्चीत बसलो आणि डोळे मिचकावले. यंत्रानं नकार दिला. पुन्हा मिचकावले. शेजारचे मुख्याध्यापक आले होते, ते म्हणाले, "जरा मनापासून मिचकवा." तेव्हा आठवलं की मे महिन्यात मी स्वतःच स्वतःला कुलूप लावून ठेवलंय.

कुलूप उघडायला ओटीपी लागतो. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो. माझं सिम मागे एकदा हरवलं होतं, तेव्हापासून आधारला नंबर मुलाचा जोडलेला. मी पुण्याला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, दबक्या आवाजात म्हणाला, "आलाय ओटीपी."

"मग सांग लवकर, इथं मी जिवंत असल्याचं सिद्ध व्हायचंय."

"बाबा, ओटीपी कुणालाही सांगायचा नसतो. कितीही घाई केली तरी. समोरचा अगदी वडिलांच्या आवाजात बोलला तरी. तुमच्याच व्हिडिओत आहे, बाराव्या मिनिटाला."